कपाटातला कोट

परवा कपाट आवरावयास घेतले आणि तळाशी एक कोट सापडला. मी कॉलेजात कायम झालो तेव्हा आईने आपल्या पेन्शनमधून घेऊन दिलेला. दुकानातल्या गार हवेत, आरशासमोर, तो मला शोभला खरा. पण मी राहतो रत्नागिरीत! कोट पॉलिएस्टरचा. सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा हवेतून सहज धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मग घामाने जावे कुठे? दोनदा घातला, तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही. आई मात्र दर दिवाळीला विचारते, “कोट घालतोस ना रे?” मी आपला “हो” म्हणतो. हे काही बरं नव्हे.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी एवढे करून पाहा : गेल्या महिन्यात अंगावर काय काय होते ते आठवा. माझे उत्तर, चार सुती सदरे. मग पाचवा त्यांच्याच जातीचा नको का? सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, म्हणून किंचित सैलच घ्यावा. शिवण उलटून आत माया किती ठेवली आहे तेही बघावे. आणि ‘निम्म्या किमतीत’ या पाटीकडे शेवटी बघावे.

यंदा आई पुन्हा दुकानात येणार आहे. तिला कोटाचे खरे सांगून टाकीन म्हणतो. सदरा घालून फळा पुसल्यासारखा हात वर-खाली करून बघणार. दुकानदार हसला तर हसो.