लाल दिवा आणि वळणाची मुभा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादा भारदस्त विषय हवा, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकींना दिवसातून दोनदा तरी चौक ओलांडावा लागतो. कोणाच्या हातात भाजीची पिशवी असते, कोणाच्या बोटाला नातवंड. शिवाय लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन येणाऱ्या भगिनीही आता घरोघर आहेत. म्हणून लाल दिव्यावर वळण्याच्या नियमाविषयी चार शब्द सांगणार आहे. लाल दिव्याचा रंग सगळीकडे एकच. नियम मात्र गावोगाव निराळा.

प्रथम अमेरिकेचे पाहू. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या वाहनांना आडवे जावे लागत नाही. आपल्याकडे डावीकडे वळणाऱ्याचे तसेच. कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडील राज्यांत लाल दिवा असताही असे वळण्याची मुभा पूर्वीपासून होती. पुढे १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, पंपांवर रांगा लागल्या, आणि मोकळ्या चौकात इंजिन चालू ठेवून उभे राहणे ही उधळपट्टी वाटू लागली. १९७५ साली ऊर्जा-बचतीचा कायदा झाला. राज्यांना केंद्राची मदत हवी असेल तर त्यांनी ही मुभा द्यावी, असे त्यात होते. १९८० पर्यंत सर्व राज्यांत ती लागू झाली. म्हणजे हा नियम देशभर पसरला तो पेट्रोल वाचावे म्हणून. पायी चालणाऱ्याचा विचार त्यात मागाहून आला.

तरीही न्यूयॉर्क शहराने आपला हट्ट सोडला नाही. हडसन नदीच्या अलीकडे न्यू जर्सीत, जेथे आपली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात, मनाईची पाटी नसेल तर पूर्ण थांबून उजवीकडे वळता येते. बोगद्यातून पलीकडे न्यूयॉर्क शहरात शिरले की परवानगीची पाटी नसेल तर वळता येत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००३ साली ही मुभा दिली, पण माँट्रियलचे बेट वगळून. जर्मनीत, पूर्व जर्मनीने १९७८ साली सुरू केलेली हिरव्या बाणाची पाटी एकीकरणानंतरही टिकली आणि १९९४ पासून साऱ्या देशाच्या नियमांत आली. मात्र बाण असला तरी आधी रेषेवर पूर्ण थांबलेच पाहिजे.

दाट वस्तीची शहरे इतकी सावध का? कारण साधे आहे. अमेरिकेत उजवीकडे वळणारा चालक डावीकडे पाहत असतो, कारण गाड्या तिकडून येतात. त्याच वेळी त्याच्या उजव्या हाताच्या पदपथावरून, चालण्याची खूण पाहून, एखादी बाई बाबागाडी घेऊन खाली उतरते. ती त्याला दिसतच नाही. तेथील अभ्यासांतही मुभा दिल्यावर अशा वळणांवर पायी चालणाऱ्यांचे व सायकलस्वारांचे अपघात वाढलेले आढळले. एकंदर अपघातांत यांचा वाटा थोडा, हेही खरे. पण ज्या घरावर प्रसंग येतो त्याला हिशेब सांगून काय उपयोग?

आता आपल्या चौकाकडे येऊ. आपल्याकडेही लाल दिवा म्हणजे रेषेच्या आत थांबणे हाच मूळ नियम. जेथे हिरवा बाण किंवा 'फ्री लेफ्ट'ची पाटी असेल तेथेच डावीकडे वळायचे. पण पुष्कळांची समजूत अशी की डावी बाजू म्हणजे सदा मोकळी! एखादी मुलगी स्कूटर घेऊन नियमाने थांबली, तर मागून हॉर्नचा भडिमार होतो आणि बिचारी ओशाळून पुढे सरकते. येथे वळणाऱ्याची नजर उजवीकडे असते, आणि आपण उतरतो त्याच्या डावीकडून. बाजू तेवढी बदलली, धोका तोच.

म्हणून भगिनींनो, तीन गोष्टी घरी जाऊन सांगा. गाडी चालवणाऱ्या मुलामुलींना सांगा की मुभा म्हणजे हक्क नव्हे. आधी थांबा, दोन्हीकडे पाहा, चालणाऱ्याला जाऊ द्या, आणि मागच्या हॉर्नला भिऊ नका. परदेशी जाल तेव्हा त्या गावचा नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या. शेजारच्या गावचा चालेल असे धरू नका. आणि पायी चालताना आपल्याला खूण मिळाली तरी वळणाऱ्या चालकाची नजर आपल्याकडे वळल्याशिवाय पाऊल टाकू नका.

चालकाचे अर्धे मिनिट वाचते ते खरे. पण ते कोणाच्या जिवावर वाचते, हे पाहणे आपल्या हाती आहे.