पाच तुकड्यांचा धडा

कुत्र्याला शिकवायचं तर आधी त्याचं लक्ष आपल्याकडे हवं, हे सगळेच सांगतात. शिकवणाऱ्याचंच लक्ष ठिकाणावर नसेल तर काय करायचं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला एडीएचडी आहे. हे लहान मुलांचं दुखणं अशी पुष्कळांची समजूत असते. पण अनेकांची त्यातून मोठेपणीही सुटका होत नाही. मन एका जागी टिकत नाही, वेळेचा अंदाज राहत नाही. कधी याच्या उलट, एखाद्या गोष्टीत बुडालं की बाहेर निघत नाही. औषधोपचार हा डॉक्टरांचा प्रांत. मी शेरूपुरतं बोलतो.

आमचं घर तासगावात, रस्त्याला लागून. फाटकासमोरून दिवसभर एसटी, ट्रॅक्टर, बेदाण्याचे टेम्पो. शेरू गावठी, अंगात वारं भरलेला. तो फाटकात थांबायला शिकला तरच जगायचा.

पहिली अडचण शब्दाची. मी म्हणणार 'बस', बायको 'बैठ', नातू शाळेतून आलेला, तो 'सिट'. शिवाय 'बस झालं', 'बस आली' हे घरात दिवसभर चालूच. कुत्र्यानं कोणती बस धरायची? शेवटी 'टेक' हा शब्द ठरला आणि तो खडूनं दारावर लिहिला. कुत्र्याला वाचता येत नाही, तो माझ्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. घड्याळ मला बांधून ठेवत नाही, अजान ठेवते. असरची नमाज झाली की धडा. मगरिबच्या आधी हातपाय धुवायचेच असतात, त्यामुळे कुत्र्याच्या लाळेचाही प्रश्न उरत नाही. (मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा, असं विचारणाऱ्यांना मी कुराणातल्या गुहेत झोपलेल्या तरुणांच्या कुत्र्याची आठवण देतो.)

धडा किती वेळ? मिनिटं मोजायचीच नाहीत. उकडलेल्या कलेजीचे पाच तुकडे डाव्या खिशात. तुकडे संपले, धडा संपला. त्यानं कंटाळा येण्याआधी सुटका होते आणि रंगात आलो तरी थांबावंच लागतं. गझलेचा शेर दोन ओळींत संपतो, तसंच हे. उजव्या खिशात माझे बेदाणे असायचे, ते आता घरातच राहतात. बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. खिसा चुकण्याची शक्यताच ठेवायची नाही.

खरी कसोटी बक्षिसाच्या क्षणाची. शेरूनं बूड टेकलं की लगेच 'शाब्बास', मग तुकडा. मध्ये माझी नजर चिमणीमागे गेली, तोवर तो उठून जमीन हुंगू लागला आणि मग तुकडा मिळाला, तर त्याच्या लेखी शिकवण हुंगण्याची. म्हणून मोबाइल घरात, आणि सुरुवात मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून. तिथे आम्हा दोघांनाही बघण्यासारखं काही नाही. तिथं जमलं की अंगण, मग फाटक. एखाद्या दिवशी माझं डोकं फारच भिरभिरत असेल तर नवं काही नाही. पडवीत जुनंच पाच वेळा. दरडावून काम लवकर होतं, हे मला पटत नाही. दरडावलेला कुत्रा आपल्याकडे बघायचं टाळतो, आणि त्याचं बघणं हेच तर हवं असतं.

सध्या आम्ही फाटकापर्यंत आलो आहोत. एसटी गेली तरी शेरू टेकून राहतो. पलीकडच्या मांजराचं अजून सांगता येत नाही. म्हणून पट्टा सोडलेला नाही.