दात काढला, पण दुखलं नाही

दाताच्या डॉक्टरांची ती खुर्ची दिसली की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. या भीतीवरचा उतारा शोधला तोही एका दंतवैद्यानंच! अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात १० डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स यांनी हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, जाहीर खेळ पाहिला. वायू हुंगलेल्या एकाच्या पायाला चांगलीच जखम झाली, पण गड्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढं बोस्टनमधलं प्रात्यक्षिक मात्र फसलं, रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हुर्यो उडाली.

सुरुवात अशी दंतवैद्यानं केली, तरी दातांसाठी भूल देण्याच्या शास्त्राला अमेरिकेत स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा मिळाला तो थेट २०१९ मध्ये. उशीरच म्हणायचा!

आजही हा हसवणारा वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. माणूस जागा असतो, बोलतो. धास्ती तेवढी ओसरते. हिरडी बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन सहसा लागतंच. वायू बंद केला की अंमल काही मिनिटांत उतरतो.

तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी दमा, रक्तदाब, गरोदरपण, चालू असलेल्या गोळ्या, यांतलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका.