चाळीस अंशांची केबल, पंचेचाळीस अंशांचं ऊन

आज घरी एक काम करा. कूलरचं बटण बंद करून प्लग बाहेर काढा आणि पिना नीट बघा. एखादी पिन काळवंडलेली असेल, सॉकेटच्या भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, तर तिथे जोड सैल आहे. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. वायरमनला बोलवा, कूलर तोवर लावू नका.

आपल्याकडच्या केबलच्या तक्त्यात अँपिअरचे आकडे साधारण ४० अंशांची हवा धरून दिलेले असतात. जळगाव, भुसावळ, धुळ्यात मे महिन्यात पारा त्याच्या पुढे जातो, आणि हवामान खातं मोजतं तेही सावलीतलं तापमान. पत्र्याखालून गेलेल्या वायरीभोवती त्याहून जास्त धग असते. साध्या पीव्हीसी वायरीतली तार ७० अंशांपर्यंतच तापू द्यायची असते. भोवती ५० अंश असतील तर वायरीची क्षमता साधारण १८ टक्के घटते. ६० अंशांत ती जेमतेम ५८ टक्के उरते. एक्सएलपीई केबल ९० अंश सोसते, म्हणून ५० अंशांत तिची घट दहा-अकरा टक्केच. महाग पडते, पण मोटारीसाठी मी तीच घ्यायला सांगतो. घरात दीड टनी एसीला चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर टाका. पंख्याच्या लाइनवर एसी जोडू नका.

डीपीचंही तेच. डीपीतल्या रोहित्राच्या गुंडाळीवर कागदाचं आवरण असतं, आणि तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. पूर्वी रात्री भार उतरायचा, डीपी निवायची. आता कूलर-एसी पहाटेपर्यंत चालतात.

रावेर-यावलच्या केळीवाल्या भावांनो, ऑटोस्विच काढाच. लाइट येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, आणि तापलेल्या डीपीचा फ्यूज उडतो. कधी डीपीच जळते. मग पाण्याअभावी बाग वाळते. मोटारीला योग्य कपॅसिटर लावला की लाइनवरचा करंट कमी होतो.

काळ्या जमिनीला भेगा पडल्या की पुरलेल्या केबलची उष्णता मातीत नीट जात नाही, म्हणून केबलभोवती वाळू भरावी. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. डीपीजवळच्या अर्थिंगकडे मात्र फिरकू नका, ते लाइनमनचं काम.

उन्हात अॅल्युमिनियमची तार लांबते, झोळ पडतो. कडब्याची गाडी त्याखालून नेऊ नका, बांबूने तार उचलू नका. १९१२ वर फोन लावा.

आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवू नका. शिकाऊ असताना मीच घरी १६ अँपिअरच्या जागी ३२चा बसवला होता. उन्हाळाभर एमसीबी पडला नाही. पावसाळ्यात भिंतीतून वास यायला लागला, म्हणून पाइपातली वायर ओढून पाहिली. आवरण आत चिकटून राहिलं, हातात नुसतं तांबं आलं.