पाठीमागचा दिवा

हल्ली ज्या पडद्याकडे आपण दिवसभर पाहतो त्याला स्वतःचा उजेड असतो. अंधारात मोबाइल काढला की अर्धी खोली दिसायला लागते. त्यामुळे पडदा आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच आपण विसरलो. दुकानदाराचा जुना कॅल्क्युलेटर आठवा. लाइट गेली की त्याचे आकडे गेले. आकडे असायचे तिथेच, दिसायचे मात्र नाहीत.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचा गेमबॉय १९८९ साली आला तो असाच, बिनदिव्याचा. तळहातावर मावणारा खेळ, शेवाळी रंगाचा पडदा आणि पोटात चार पेन्सिल सेल. ज्यांच्या देखरेखीखाली तो घडला त्या गुनपेई योकोई यांचे म्हणणे असे, की जुने, स्वस्त, पारखलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. पडद्यामागे दिवा लावला की सेल भराभर संपतात. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत आणि उजेडाचा गेम गिअर आणला. तो सहा सेल तीन-चार तासांत फस्त करी. गेमबॉय दहा-पंधरा तास सहज चाले. तो आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून अकरा कोटींहून अधिक खपले. लोकांनी अंधार पत्करला, पण सेलचा खर्च पत्करला नाही. माझ्यासारख्या मध्यमवर्गीयाला हा हिशेब लगेच कळतो.

आमच्या पनवेलच्या घरी गेमबॉय आला १९९३ मध्ये, कुवेतहून. कोकणातल्या मुसलमान घरांत आखातात गेलेला एखादा तरी माणूस असायचाच. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दुल्हाभाई, तिथे नोकरीला होते. सुट्टीत आले की बॅगेतून टँगचा डबा, अत्तराच्या बाटल्या, साबण निघायचे. त्या वर्षी हा खेळ निघाला. आणला मुलाच्या नावाने, खेळायचे स्वतः. तोही एकच खेळ, टेट्रिस, वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा. पनवेलच्या पावसात वीज गेली की इतर खेळणी बंद पडत, हे सेलवरचे खेळणे तेवढे चालू असे; आणि नेमके तेच दिसत नसे! मग कंदिलाशेजारी बसून, खेळ तिरपा धरून, काचेवर उजेडाचा कवडसा पकडत ते खेळायचे.

२००९ साली दुल्हाभाई गेले. गेमबॉय आपाच्या कपाटात, त्यांच्या पासपोर्टाच्या डब्याशेजारी राहिला.

भाचा आता चाळिशीचा आहे. तळोजे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उपकरणांची देखभाल करतो. त्याच्या मुलीने गेमबॉय हातात घेतला, दोन मिनिटे पाहिले आणि ‘बिघडलाय’ म्हणून ठेवून दिला. भाच्याला ते लागले. त्याने पडद्यामागे दिवा बसवायचे ठरवले. आपा म्हणाली, “त्यांच्या हातची वस्तू आहे, उघडायची नाही.” दोघे महिनाभर एकमेकांशी तुटक बोलत होते. शेवटी भाचा माझ्याकडे आला. “मामू, तुम्ही सांगा तिला.”

मला आपाचेच पटत होते. जुन्या वस्तूची दुरुस्ती करता करता वस्तूच नवी होऊन बसते, हे आपण वाड्यांच्या बाबतीत पाहिले आहे. पण भाच्याने मला एक भेद समजावून सांगितला. हल्ली सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुनी काच काढून टाकायची आणि लखलखीत नवा पडदा बसवायचा. दुसरा उपाय जिकिरीचा. काच तीच ठेवायची, फक्त तिच्या पाठीला उजेड द्यायचा. आपाने या दुसऱ्याला होकार दिला, दोन अटींवर. दुल्हाभाईंच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली बटणे बदलायची नाहीत, आणि पडद्याचा हिरवट रंग जायचा नाही.

एका सुट्टीच्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर काम सुरू झाले. मागचे स्क्रू काढले की खेळाचे दोन अर्ध होतात, मधे चपट्या तारांची पट्टी. काचेच्या पाठीला चंदेरी पापुद्रा चिकटवलेला असतो. समोरून आत शिरलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून चित्र दिसते. खरे काम हा पापुद्रा सोलण्याचे. कोपऱ्यात पातळ पाते घालून हळूहळू उचलायचा. जोर लागला तर काच तडकते, कडेच्या बारीक तारा दुखावल्या तर पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा गायब होतात. भाच्याला अर्धा तास लागला. तेवढा वेळ आपा स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती.

मग अल्कोहोलने डिंक पुसला. मागे हिरव्या दिव्यांची पातळ पट्टी सरकवली, तांबडी आणि काळी अशा दोन तारा डाग देऊन जोडल्या. पट्टी आणि काच यांच्यामध्ये एक करडी फिल्म लागते. एकाच दिशेने कंप पावणारा उजेड ती पुढे सोडते. चिकटवण्याआधी भाच्याने ती नुसती धरून बटण दाबले. पडदा काळाकुट्ट, त्यावर अक्षरे उजळ. आपा दारात येऊन म्हणाली, “ही काय रात्र केलीस?” त्याने फिल्म काटकोनात फिरवली. काळ्याचे उजळ झाले, उजळाचे काळे. आयुष्यभर शब्दांची जागा बदलून पाहणाऱ्या मला हा प्रकार फारच आवडला. मी ती फिल्म आणखी दोनदा फिरवायला लावली.

योकोईंच्या कंपनीलाही उजेडाकडे यायला वेळच लागला. १९९८ साली दिव्याचा गेमबॉय निघाला तो फक्त जपानपुरता. २००१ चा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स पुन्हा बिनदिव्याचा! लोक इतके वैतागले, की पुढच्या वर्षी आफ्टरबर्नर नावाचा दिव्याचा संच बाहेरच्यांनीच विकायला काढला आणि माणसे घरोघरी आपले खेळ उघडून बसली. २००३ मध्ये कंपनीने स्वतः दिवा दिला.

सोललेला चंदेरी पापुद्रा आपाने टाकू दिला नाही. कागदात गुंडाळून पासपोर्टाच्या डब्यात ठेवला. रात्री ओसरीवरचा दिवा मालवून तिने गेमबॉय हातात घेतला. इतकी वर्षे घरात असलेला हा खेळ तिने कधी खेळून पाहिला नव्हता. “हे ठोकळे थांबवायचे कुठून?” तिने नातीला विचारले. ते थांबत नाहीत, असे नातीने सांगितले. चार ओळी पुऱ्या झाल्या आणि पडदा वरपर्यंत भरला.

दिव्यामुळे सेल आता लवकर संपतात. टपाल नाक्यावरच्या दुकानातून आपा ते चार-चार मागवून ठेवते.