मोजावे ते काय?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर संप यांवर बोलणार, अशी आपली समजूत असते. मी आज संगणकाच्या स्मृतीवर बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात, पाळी संपल्यावर. तेव्हा माझे शब्द इंजिनियर मंडळींना जाडेभरडे वाटले तर त्यांनी क्षमा करावी. या विषयात मला माझाच एक जुना हिशेब सापडला, म्हणून मी चालकांचे निमंत्रण स्वीकारले.

संगणकाचा प्रोसेसर हा एक कारागीर आहे असे समजा. त्याच्या हातापाशी एक लहान पेटी असते, तिला कॅश म्हणतात. तिच्यातून माल एक-दोन नॅनोसेकंदांत मिळतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. पेटीत माल नसला तर कोठारात, म्हणजे मुख्य स्मृतीत, जावे लागते. तेथून यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. हे कोठार महाग पडते. म्हणून मोठ्या सर्व्हरांना आता दुसरे, लांबचे कोठारही जोडू लागले आहेत. त्या जोडणीला सीएक्सएल म्हणतात. तिचे पहिले नियम २०१९ साली प्रसिद्ध झाले. या कोठारातून माल यायला दुप्पट, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. माल बहुधा ४०९६ बाइटांच्या गठ्ठ्यांत ठेवलेला असतो. अशा गठ्ठ्याला ‘पान’ म्हणतात. कोणते पान जवळ ठेवावे आणि कोणते लांब, हा आजचा प्रश्न.

प्रश्न नवा नाही. १९६२ साली मँचेस्टरला ॲटलास नावाचा संगणक सुरू झाला. त्याला सुमारे १६ हजार शब्दांची जलद स्मृती होती आणि ९६ हजार शब्द मावतील असे फिरते चुंबकी ढोल होते. काम करणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच कोठार भासे. प्रत्येक पानाला एक खूण होती. पानाला हात लागला की खूण उमटे. एक प्रोग्राम वेळोवेळी त्या खुणा वाचून कोणते पान ढोलावर धाडायचे ते ठरवी. पण खूण एवढेच सांगे की हात लागला. किती वेळा लागला, हे ती सांगत नसे. आज एका टेराबाइट स्मृतीत सुमारे २७ कोटी पाने होतात. प्रत्येकाची खूण तपासत बसले तर तपासणीतच पुष्कळ वेळ जाईल.

येथे प्रोसेसरच्या पोटातले मोजणीचे काटे उपयोगी पडतात. १९९३ सालच्या पेंटियममध्ये असे दोन काटे होते. ते कसे वाचायचे, हे मात्र इंटेलने गोपनीयतेच्या करारावर सही करणाऱ्यांनाच सांगितले होते. १९९४ साली तेरये माथिसेन या नॉर्वेजियन प्रोग्रामरने ‘बाइट’ मासिकात ते उघड केले. वही आपल्या यंत्रात आणि किल्ली मालकाच्या खिशात, ही स्थिती आम्हां कामगारांना नवीन नाही. पुढे कंपनीनेच ते छापून दिले, आणि आज ते कोणालाही वाचता येते.

हे काटे दर खेपेची नोंद करीत नाहीत. गोदामातला मोजणीदार प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी लावीत बसला तर हमालांची रांग खोळंबेल. म्हणून तो, समजा, दर पाच हजाराव्या पोत्यालाच थांबवतो आणि ते कोठून आले ते लिहितो. प्रोसेसरही तसेच करतो. काटा ठरलेल्या आकड्यावर आला की त्या खेपेचा पत्ता लिहून ठेवतो. ज्या पानाच्या चिठ्ठ्या जास्त, ते पान ‘गरम’. ते जवळ आणायचे. २०२१ साली मांडलेली हेमेम ही व्यवस्था अशाच चिठ्ठ्यांवर चालते. ज्या ऑप्टेन स्मृतीवर तिचे प्रयोग झाले तो धंदा इंटेलने २०२२ साली गुंडाळायला घेतला. पण रीत टिकली.

आता खरी मेख. खेपा किती झाल्या हे एक, आणि कारागीर किती वेळ हात बांधून उभा राहिला हे दुसरे.

लांबच्या कोठारात दोन पाने आहेत आणि प्रत्येक खेपेला २०० नॅनोसेकंद लागतात, असे धरू. पहिल्या पानाकडे १००० खेपा होतात, पण दहा-दहा खेपा एकदम निघतात. एकूण खोळंबा २० हजार नॅनोसेकंद. दुसऱ्याकडे खेपा फक्त ३००. पण पुढचा माल कोठे आहे हे आधीचा माल हाती आल्यावरच कळते. येथे एकामागून एक थांबावे लागते. खोळंबा ६० हजार. खेपा मोजणारा पहिले पान जवळ आणील. खोळंबा मोजणारा दुसरे आणील, आणि त्याचेच बरोबर.

सुदैवाने हेही सांगणारे काटे प्रोसेसरात आहेत: किती काळ काम अडले, एका वेळी किती मागण्या वाटेत होत्या. २०२४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोलॉइड ही व्यवस्था मांडली. रांगेत सरासरी किती आहेत, त्याला दर क्षणी किती येतात याने भागले की सरासरी ताटकळ निघते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम त्यांनी काट्यांना लावला. जवळच्या कोठारासमोर झुंबड उडाली तर कधी लांबचेच लवकर पडते, हे त्यातून दिसले. २०२५ सालापासून तर गरमपणाच्या पलीकडे जाऊन खोळंब्यावरच पाने निवडण्याचे प्रयत्न प्रसिद्ध झाले आहेत.

आता माझा हिशेब. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या विणाई खात्यात कामाची पाहणी झाली. कोणाचा हात पाळीत किती वेळा कामाला लागतो, ते मोजले. आमच्या वयस्क जॉबरला पाळीत आठ-दहा वेळाच हाक येई. कागदावर तो रिकामा ठरला, आणि त्याला दोन खात्यांत वाटून टाकला. आकडे खरे होते. मी स्वतः तपासले होते. त्या करारावर माझी सही आहे.

पण त्या आठ-दहा हाका बंद पडलेल्या मागांच्या होत्या. जॉबर दुसऱ्या खात्यात असला की माग उभा, आणि विणकराची मजुरी धाग्याच्या फेऱ्यांवर, म्हणून तोही उभा. पगाराच्या दिवशी विणकरांच्या बायका माझ्या दारात आल्या. त्यांना मी आकडे दाखवू लागलो. एक म्हणाली, “भाऊ, माग किती वेळ उभा होता, ते कुठं लिहिलंय?” ते कोठेच लिहिलेले नव्हते. करार बदलून घ्यायला सहा महिने लागले.

काटा खोटे बोलत नाही. पण जे विचाराल त्याचेच उत्तर तो देतो. उद्या मजुरीचा, रेशनचा, दवाखान्यातल्या खाटांचा कोणताही आकडा आपल्यापुढे आला तर त्या बाईचा प्रश्न आधी विचारा: खोळंबा कोणाचा झाला, आणि तो कोठे लिहिला आहे? आमच्या नव्या करारात एक रकाना वाढला, ‘माग उभा राहिल्याची वेळ’. मी केलेल्या लिखाणात मला तोच रकाना सर्वांत मोलाचा वाटतो.