कासरा कोणाच्या हातीं?



आपण निवडलेलीं माणसें राज्य करितात, एवढ्यानें आपलें भागतें काय? बैल कितीहि गुणी असो, कासरा सोडून कोणी गाडी हांकीत नाहीं. कुळकर्ण्याची वही आपल्या वाडवडिलांस वाचतां येत नव्हती, त्यापायीं काय सोसावें लागलें तें घरोघर ठाऊक आहे. ज्याच्या हातीं लेखणी त्याच्याच हातीं तपासणी गेली, कीं रयत बुडालीच!

१९७५ सालची गोष्ट घ्या. १२ जून रोजीं अलाहाबाद हायकोर्टानें पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरविली. एका न्यायाधीशानें खुद्द पंतप्रधानांविरुद्ध निकाल द्यावा, ही केवढी गोष्ट! पण २५ जूनच्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली. राष्ट्रपतींची सही रात्रींच झाली. मंत्रिमंडळाला सांगितलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं. विरोधक तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांचीं तोंडें बांधलीं. कैद्यांचीं गाऱ्हाणीं ऐकलींच पाहिजेत, असें नऊ हायकोर्टांनीं ठरविलें. सुप्रीम कोर्टानें एप्रिल १९७६ मध्यें चार विरुद्ध एक मतानें ती वाट बंद केली. उलट मत देणारे एकटे न्यायमूर्ति खन्ना. १९७७ च्या जानेवारींत त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केलें. असला माणूस आम्ही तरी विसरणार नाहीं.

लोकसभेची मुदतहि वाढविली होती. एकेक दोर तुटला, राहिला तो मताचा. मार्च १९७७ मध्यें निवडणूक झाली आणि रायबरेलींत पंतप्रधान स्वतःच पडल्या. अडाण्यांना मत कशाला, असें आम्हांस ऐकविणारे शहाणे पूर्वीं पुष्कळ होते. त्यांना ज्यांनीं उत्तर दिलें, त्यांत सही न येणारेहि लाखोंनीं होते.

नव्या संसदेनें १९७८ सालीं ४४ व्या घटनादुरुस्तीनें कासऱ्याला पक्क्या गांठी मारल्या. युद्ध वा परचक्र नसेल, तर सशस्त्र बंडाशिवाय आणीबाणी पुकारतां येणार नाहीं. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींस लेखी कळवावा लागेल. जीविताचा हक्क आणीबाणींतहि कोर्टांत मागतां येईल.

१९८० सालीं मतदारांनीं त्याच बाईंना पुन्हां निवडून दिलें. हंसणारे हंसोत! त्या गांठी बाईंनींहि सोडल्या नाहींत. १९८८ सालीं पंजाबापुरत्या त्या सैल केल्या गेल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं संसदेनें पुन्हां आवळल्या.